मोहरीएवढा डाग

हिराजी तांडेल गेल्याची बातमी आली तेव्हा मी खोटं बोलत होतो. पालघरच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीचा चहा चालला होता आणि मी नव्यानं बदलून आलेल्या गणिताच्या मास्तरांना हिराजीचीच गोष्ट रंगवून सांगत होतो... मुशीचं तेल, चाळीस मांजरं, साहेबाचा रुमाल नाकाला, वगैरे. चाळिसाव्या मांजराच्या शेपटीपर्यंत येऊन पोचलो होतो, तेवढ्यात दांडी गावची एक मासळीवाली दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरची पाटी तिनं उतरवलीसुद्धा नाही. म्हणाली, "मास्तर, हिराजीदादा गेला. आज पहाटं. झोपेतच. जनाबाईनं सांगितलंय, सवडीनं या, धावत येऊ नका." गणिताचे मास्तर हसायला तोंड उघडून बसले होते, ते तसंच राहिलं. मी कप खाली ठेवला. गोष्ट अर्धवट राहिली ती राहिलीच. आज सहा आठवडे झाले, ती पूर्ण करायला बसलो आहे. पण या वेळी उलट्या बाजूनं, म्हणजे खरी. कारण माझ्या तोंडून ही गोष्ट पालघरच्या बाजारात, बोईसरच्या फलाटावर, सरावलीच्या कामगारांच्या खोल्यांतून इतकी फिरली आहे, की हिराजी म्हणजे "स्टेअरिंगमध्ये माशाचं तेल घालणारा येडा ड्रायव्हर" अशीच त्याची ओळख होऊन बसली. मी ओळखायला लागल्यापासून ज्या माणसानं सुकाणूच्या बाबतीत तिळाएवढी हयगय केली नाही, त्याच्या नावावर हे असं राहावं हे बरं नाही. आणि ते तिथं मी लिहिलं, तेव्हा खोडायचंही मीच.

मी मूळचा घाटावरचा, साताऱ्याकडचा. आमच्या गावी समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग. पहिली नेमणूक झाली ती तारापूरच्या शाळेत, आणि राहायला खोली मिळाली दांडीला, हिराजी तांडेलाच्या घराच्या पुढच्या अंगाला. खोली ऐसपैस, वारा भरपूर, पण अंगणात बोंबील वाळत टाकलेले. पहिल्या आठवड्यातच माझ्या नाकानं राजीनामा दिला. तो मी मंजूर केला, आणि त्यानंतर आजतागायत मला कसलाच वास येत नाही. हे मी वाढवून सांगतो असं वाटेल. थोडं वाढवतो आहे. पण पुढच्या गोष्टीला लागेल एवढं खरं आहे.

हिराजी तेव्हा पन्नाशीच्या आसपास. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, पण त्यानं होडी सोडून बारा वर्षं झाली होती. तो चालवायचा मोटार. घोलवडकडच्या एका पारशी बागवाल्याच्या पदरी तो बरीच वर्षं ड्रायव्हर होता. बावाजी मुंबईला मुलाकडे कायमचे राहायला गेले, तेव्हा आपली काळी, बोजड, जुनी विलायती मोटार हिराजीच्या हवाली करून गेले. हिराजीनं ती दांडीला आणली आणि तिच्या कपाळावर पांढऱ्या रंगानं "श्री शितळादेवी प्रसन्न" असं होडीवर लिहितात तसं लिहिलं. नारळी पौर्णिमेला सगळी दांडी किनाऱ्याकडे जायची, आणि हा नारळ घेऊन मोटारीच्या पुढच्या चाकापाशी बसायचा. लोक चेष्टा करायचे. "हिराजी, तुजी होडी कंच्या समुद्रात घालणार रं?" हा म्हणायचा, "बोईसरच्या रस्त्यावर पावसाळ्यात येऊन बघ, मग विचार." त्या रस्त्यावरचे खड्डे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यात अतिशयोक्ती दिसणार नाही. एका खड्ड्यात मी स्वतः पापलेट पाहिलं आहे.

होडी त्यानं का सोडली हे मला त्यानं कधी सांगितलं नाही. जनाबाईनं, त्याच्या बायकोनं, एकदा मीठ निवडता निवडता दोन वाक्यांत सांगितलं. धाकटा भाऊ गणा आणि हिराजी होडीवर होते, किनाऱ्याजवळच्या खडकांतून आत येताना सुकाणूची खीळ निसटली, होडी आडवी झाली. गणा परत आला नाही. "सकाळी निघताना खीळ बघायची राह्यली होती," एवढंच ती म्हणाली, आणि मिठातला खडा उचलून बाजूला टाकला. मी राहत होतो ती खोली गणाची. हेही तिनं त्याच दिवशी सांगितलं, आणि मग मी चिमणीची वात बदलण्याचं बरंच लांबलेलं काम तातडीनं हातात घेतलं.

आता फडक्याविषयी. रोज संध्याकाळी मोटार अंगणात लागली, की हिराजी तिच्या पोटाखाली एक पांढरं फडकं पसरायचा. जनाबाईच्या धुण्यातलं जुनं धोतर, चार पदरी, चारी कोपऱ्यांवर चार गोटे. त्यावर कोळशानं चार चौकोन आखलेले. सकाळी चूळ भरायच्या आधी तो जमिनीवर आडवा व्हायचा आणि फडकं बघायचा. पुढच्या चौकोनात ओल म्हणजे पाणी; मधल्यात काळा डाग म्हणजे इंजिनाचं ऑइल; आणि उजव्या हाताचा चौकोन स्टेअरिंगचा. त्या मोटारीच्या स्टेअरिंगखाली एक लोखंडी डबा होता, त्यात दाट तेल भरलेलं असतं. बोईसरचे मेकॅनिक त्याला नव्वद नंबर म्हणतात. ते गळून गेलं की आतले दाते सुके घासतात, आणि एक दिवस चाक फिरवावं तर मोटार आपल्या मनानं जाते. म्हणून त्या चौकोनातला थेंब तो बोटावर घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा, उजेडात धरायचा. एखादा वैद्य नाडी बघायला इतका वेळ लावत नाही.

शंका आली की पुढचा प्रकार. बॉनेट उघडायचं, स्टेअरिंगचा डबा चिंधीनं कोरडा पुसायचा, आणि त्यावर चुलीतली चाळलेली राख भुरभुरायची. होडीच्या फळ्यांतून पाणी कुठून झिरपतं ते शोधायला त्याचे वाडवडील असंच करायचे. कोरड्या राखेवर ओलीची रेघ लपत नाही. मग मला चाकावर बसवायचा. "मास्तर, सावकाश डावीकडं. आता उजवीकडं. पार शेवटापातूर. सावकाश म्हटलं!" तो खाली, मी वर. शाळेला जायच्या आधी अंगणातल्या अंगणात मी त्या चाकावरून काबूलपर्यंत जाऊन आलेलो आहे, आणि वाटेत दोनदा घाट लागला होता. खालून आवाज यायचा, "मास्तर, कुठं पोचलात?" "पेशावर!" "मग जरा थांबा, रेघ दिसती का बघतो."

कधी कधी फडकं बघायचं काम माझ्याकडे असे. इथंच माझा स्वभाव आडवा यायचा. "केवढा हाय डाग?" तो विचारायचा. मी म्हणायचो, "बशीएवढा!" तो धावत यायचा, तर मुगाच्या डाळीएवढा. "परातीएवढा!" तर काहीच नाही, पान पडलेलं. एकदा त्यानं मला बसवून सांगितलं. आवाज चढवला नाही. तो कधीच चढवायचा नाही. "मास्तर, माशाचं खोटं बोला, पोरांच्या मार्कांचं बोला, सासऱ्याचं बोला. मी हसतो, मला आवडतं. पण सुकाणूचं खरं बोला. मोहरीएवढा असला तर मोहरीएवढा म्हणा. आणि बशीएवढा असला तर बशीएवढा." मी शपथ घेतली. शपथ मी पुष्कळ घेतो.

मग किनाऱ्यावर अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं. बोईसर स्टेशनावर रोज इंजिनिअर उतरू लागले, परदेशी पाहुणे उतरू लागले, आणि त्यांना कामावर न्यायला भाड्याच्या मोटारी हव्या होत्या. कामावरच्या गाड्या बघणारे एक साहेब होते, उत्तरेकडचे, शिस्तीचे. त्यांनी मोटार तपासून पास केली तरच काम. हिराजीनं नाव दिलं. त्याला ते काम मिळणं किती गरजेचं होतं हे बाहेरच्याला कळणार नाही. बावाजी गेल्यापासून मोटारीला कायमचं गिऱ्हाईक नव्हतं, आणि दांडीतली माणसं सांगू लागली होती, "पुरे झालं हिराजी, ये होडीवर. तांडेल हायस तू." एका मामेभावानं तर होडीत जागाही धरून ठेवली होती. रात्री ताटात भात वाढता वाढता जनाबाईचा हात थांबायचा. काम मिळालं तर तो जमिनीवर राहणार होता. नाही तर त्याच खडकांतून परत आत-बाहेर.

तपासणीच्या आदल्या दिवशी हिराजीच्या पाठीत उसण भरली. कमरेतून हलता येईना. जनाबाई विटा तापवून शेकत होती, तो पालथा पडून जमिनीकडे बघत सूचना देत होता. दुपारी मी शाळेतून आलो. मनात म्हटलं, आपणही काही तरी करावं. बॉनेट उघडलं, स्टेअरिंगच्या डब्याचं बूच काढलं, खराट्याची काडी आत घालून बघितली तर तेल खाली गेलेलं. मागच्या पडवीत दोन डबे असायचे, एकासारखा एक, गंजके, झाकणावर चिंधी. एकात नव्वद नंबर. दुसऱ्यात मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल, होडीच्या फळ्यांना चोपडतात ते. होडी सोडली तरी हिराजीच्या घरात ते कुणा ना कुणासाठी असायचंच. आता ज्या माणसाच्या नाकानं राजीनामा दिलेला आहे त्यानं काय ओळखावं? मी एक डबा उचलला आणि मन लावून स्टेअरिंग भरलं. काठोकाठ. कुणाला सांगितलं नाही. उद्या पास झाल्यावर सांगू, म्हणजे शाबासकी मोठी मिळेल, असा विचार.

सकाळी हिराजी भिंत धरून उभा राहिला, पण वाकता येईना. "मास्तर, फडकं बघा." मी खाली आडवा झालो. उजव्या चौकोनात डाग होता, आणि तो खरोखरच बशीएवढा होता. पिवळट, पातळ, कडेनं पसरलेला. वरून आवाज आला, "केवढा?" साहेबांनी नऊची वेळ दिली होती. मोटार गेली नाही तर नाव कटणार. मला वाटलं, भरपूर भरलंय ना आपण, मग थोडं गळलं तर काय झालं... आणि जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी लहान करून सांगितलं.

"मोहरीएवढा," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि भिंत सोडून मोटारीकडे आला.

दांडीतून निघालो तेव्हा मागं एक मांजर होतं. आळीच्या टोकाला चार झाली. घिवलीच्या वळणावर... लोकांना मी चाळीस सांगत आलो आहे, एका लग्नात सव्वाशे सांगितली होती. खरं सांगायचं तर सात होती. त्यातलं एक कदाचित कुत्रं असेल. हिराजीनं आरशात बघितलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं, एकदा नाकानं हवा ओढली. मोटार थांबवली. चाक हलकेच डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, हाताला काय जाणवलं ते त्यालाच ठाऊक. खाली ठिबक ठिबक चालू होतं आणि मांजरं तिथं जमली होती, जणू आमचं आणि त्यांचं तिथं भेटायचं ठरलं होतं. मी म्हटलं, "रस्त्यात गळायला लागलं वाटतं." तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डबे सारखेच दिसतात. चुकून जातं." कुणाचं चुकलं, ते बोलला नाही. मी म्हटलं, इथूनच परत फिरू, निरोप पाठवू. तो म्हणाला, "वेळ दिलीय नवाची." आणि उरलेला रस्ता बैलगाडीच्या चालीनं, दोन्ही हातांनी चाक छातीशी धरल्यासारखं धरून, तो गेला.

फाटकाशी साहेब उभेच होते. त्यांनी अजून बॉनेटला हात लावला नव्हता. मोटार वरून चकचकीत होती. माझं आजही मत आहे की गप्प राहिला असता तर पासही झाली असती. हिराजी कसाबसा उतरला, दाराला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "साब, गाडी पास मत करो. स्टेरिंग लीक हाय."

साहेब चक्रावले. वाकून बघितलं, बोट लावलं, हुंगलं. रुमाल नाकाला गेला. "अरे, ये तो मछली का तेल है! किसने डाला?"

माझी जीभ, जी काबूल-पेशावर करून आली होती, ती टाळूला चिकटून बसली.

"मैंने डाला साब," हिराजी म्हणाला. "मेरी चूक."

आजूबाजूचे ड्रायव्हर हसले. साहेब हसले नाहीत, पण नाव खोडलं, तीन महिन्यांनी परत ये म्हणाले. घरी आल्यावर बॉनेट उघडलं तर त्या पातळ तेलानं डब्यावरचा जुना काळा चिकटा सगळा धुऊन नेला होता, आणि राख भुरभुरल्यावर खालचं सील फाटलेलं स्पष्ट दिसलं. ते केव्हाचं फाटलेलं असणार; दाट तेल आणि मळ त्याला कसंबसं झाकून होते. हिराजीनं ते सील हातात घेऊन बराच वेळ बघितलं. "मांजरांनी खरं सांगितलं," एवढंच म्हणाला. ते तीन महिने त्यानं सरावलीच्या खोल्यांपासून स्टेशनापर्यंत बाजारहाटाच्या खेपा मारल्या, मिळेल ते ओढलं. होडीवर गेला नाही. पुढच्या वेळी मोटार पास झाली आणि नंतरची सगळी वर्षं त्यानं साहेबलोकांना नेलं-आणलं, एक ओरखडा नाही. पण कामावर त्याचं नाव "मछलीवाला" पडलं ते पडलंच. आणि मी? मी ती गोष्ट सांगत सुटलो. त्याच्यासमोरसुद्धा. तो ऐकायचा, मांजरं वाढली की हसायचा, मुशीच्या तेलापाशी आलो की विडी पेटवायला खाली बघायचा. त्याला खरंच ठाऊक नाही, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. दुसऱ्याला खोटं पटवणारा माणूस स्वतःला पटवायला किती वेळ लावणार?

बाराव्याला मी दांडीला गेलो. मांडवात जेवणानंतर सुपारी फिरली आणि बोईसरहून आलेल्या एका ड्रायव्हरनं सुरू केलं, "आपला मछलीवाला..." माझीच गोष्ट, माझ्याच शब्दांत, फक्त मांजरं पन्नास. बोईसरची माणसं हसली. दांडीची हसली नाहीत. ती माझ्याकडे बघत होती. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मी उठून मागच्या पडवीत गेलो. जनाबाई भांडी लावत होती. उभ्या उभ्याच तिला सांगून टाकलं... की तेल मी घातलं होतं, डाग मी लपवला होता, आणि त्याला ते कधीच...

"मास्तर," ती म्हणाली, "वर फळीवर बघा."

फळीवर ते दोन डबे होते. एकावर पांढऱ्या रंगानं मासा काढलेला. ठसठशीत, डोळा वगैरे काढलेला, मोटारीच्या कपाळावर होता त्याच रंगाचा. तो डबा मी वर्षानुवर्षं बघत होतो.

"त्याच दिवशी काढला. तुमी शाळेत गेल्यावर," जनाबाई म्हणाली. "मास्तर, दांडीत तान्ह्या पोराला पण मुशीच्या तेलाचा वास कळतो. आमाला कशाला लागतो मासा काढलेला? तुमच्यासाठी काढला." तिनं हातातलं ताट पुसून ठेवलं. "आन् ते फडकं मीच धुतलं. बशीएवढा डाग. सोड्यानं पण गेला नाय."

मी विचारलं, मग तो बोलला का नाही मला? एक शब्द?

"मी म्हटलेलं, बोला. तर म्हणाले, मास्तर लाजंल. खोली सोडून जाईल." तिनं तांब्या पालथा घातला. "परत रिकामी व्हायला नको होती त्यांना ती खोली."

मग कळलं दांडीची माणसं का हसली नव्हती. साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि सारं गाव इतकी वर्षं माझी गोष्ट माझ्याच तोंडून गुपचूप ऐकून घेत होतं. दांडीला सांगायचं काही उरलेलं नाही. हा कागद पालघर, बोईसर आणि सरावलीसाठी आहे. तेल मी घातलं. डाग मी बघितला. हिराजी तांडेलानं साहेबाला खरं सांगितलं, त्यात एकच वाक्य खोटं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं.

त्या रात्री मी माझ्या जुन्या खोलीतच राहिलो. सकाळी अंगणात आलो तर मोटार जागेवर, आणि तिच्या पोटाखाली पांढरं फडकं, चारी कोपऱ्यांवर गोटे. "आता कोण नेणार हाय गाडी," जनाबाई दारातून म्हणाली, "पण पसरल्याशिवाय मला झोप येत नाय. बघता का जरा? माजे गुडघे वाकत नाईत." मी इस्त्रीच्या धोतरानिशी मातीत आडवा झालो. पुढचा चौकोन कोरडा. मधला कोरडा. उजव्या हाताच्या चौकोनात काहीतरी होतं. बोटावर घेतलं, चोळलं, उजेडात धरलं. सवयीनं हुंगलंही; अर्थात काही कळलं नाही. पण दाट होतं. नव्वद नंबरच.

"केवढा?" तिनं विचारलं.

"मोहरीएवढा," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि बघायला पुढे न येता चहा टाकायला आत गेली.